चौथ्या बोटासाठी घाटावर

नांदुरा

आमच्या नांदुऱ्याचा माणूस बुलढाण्याला जातो तो कोर्टाच्या तारखेला, नाही तर कचेरीत कुणाच्या तरी सहीसाठी. मी गेलो तो माझा उजवा हात घेऊन. परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, सुई टोचली का, गोळ्या खरंच फुकट देतात का, नागपूरचा डॉक्टर माणूस कसा आहे. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी सांगतो आणि मुलगी लिहिते, कारण माझं अक्षर ओळ संपता संपता मुंगीएवढं होतं.

मी बैलांचा दलाल. बापानं मागे काही ठेवलं नाही. लोकांची जनावरं पाण्यावर नेता नेता दात बघायला शिकलो, मग खूर, मग माणसं. बैलबाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली समोरच्याची बोटं मुठीत धरायची. तीन धरली तर तीन शेकडे, चार धरली तर चार. भोवती गर्दी असली तरी भाव त्या दोघांतच राहतो.

सोनाजी माझा भागीदार. मी विकणाऱ्याकडे उभा राहायचो, तो घेणाऱ्याकडे. एका जोडीच्या वेळी मी दुपट्ट्याखाली त्याला चार सांगितले, त्यानं सौदा तिनात पक्का केला. विचारलं तर म्हणाला, तू तीनच धरले. मी भर बाजारात त्याला चोर म्हणालो. त्यानं उलट लोकांना सांगितलं की पुंजाजीचा हात आता थरथरते, त्याच्या हातातलं काही समजत नाही. त्या दिवसापासून एकाच कडुनिंबाखाली आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. माझ्या हातात हात द्यायला कुणी येईना. हाताचा आजार मी सोसला असता. पण माझ्या हाताच्या नावावर त्यानं आपलं खोटं खपवलं, ते सोसवत नव्हतं.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा कंपवात आहे, त्यावर बाहेरदेशी नवी गोळी निघाली आहे, आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्याचा एक डॉक्टर महिन्यातून एकदा बुलढाण्याला येऊन अशाच रोग्यांना तपासतो. गोळ्या फुकट. फुकट हा शब्द कानावर आला की मी आधी खिसा चाचपतो. ज्या बैलाबरोबर घुंगूरमाळ फुकट मिळते त्याचा पाय एकदा वाकवून पाहावाच लागतो.

तरी निघालो. बायकोनं बंडीच्या गुंड्या लावून दिल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा बांधून दिला, आणि बजावलं की कुठल्या कागदावर अंगठा देऊ नका. मी सही करतो हे ती रागात विसरते.

मोताळा आणि घाट

महाराष्ट्र होऊन दहा वर्षं उलटली तरी आमच्या जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. रेल्वे खाली नांदुऱ्यात, साहेब वर घाटावर. पूर्वी आमचे कागद नागपूरला जायचे, आता मुंबईला जातात, एवढाच फरक.

एस.टी.च्या दारातच पहिली फजिती झाली. पायरीवर एक पाय ठेवला आणि दुसरा जमिनीला खिळला. असं अलीकडे होतं. मन पुढे जातं, पाय मागे राहतो. कंडक्टर ओरडायला लागला आणि मीही त्याला चार शब्द सुनावले, पण पाय काही उचलेना. तेवढ्यात मागच्या माणसानं आपली काठी माझ्या पायापुढे आडवी धरली आणि म्हणाला, "भाऊ, हे वलांडा." काठी ओलांडायची म्हणून पाय आपोआप उठला. मी आत.

हा शालिग्राम. जळगाव जामोदकडचा शेतकरी, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. बरोबर बायको गिताबाई. तिलाही हाच रोग, माझ्यापेक्षा पुढे गेलेला. चेहरा असा की राग आहे की दुखतंय की झोप आली, काही कळू नये. काठीची युक्ती शालिग्रामला घराच्या उंबऱ्यानं शिकवली होती. सपाट अंगणात ती अडायची आणि उंबरा मात्र ओलांडायची, म्हणून त्यानं उंबराच हातात घेतला. पहाटेच्या गाडीनं नांदुरा आणि तिथून ही दुसरी गाडी, असे ते दोघं दर महिन्याला येत होते.

दर महिन्याला म्हटल्यावर मी सावध झालो. मला त्याचा संशय आला. दवाखान्यानं गिऱ्हाईक गोळा करायला माणसं ठेवली असतील तर ती अशीच गाडीत भेटतील, अशीच गोड बोलतील. बाजारात आम्हीही एखादा माणूस गर्दीत उभा करतो, जो बैल पाहून उगाच वाहवा करतो.

मोताळ्याला गाडी थांबली. मुंगवडे गरम होते, पण चहावाल्यानं कप काठोकाठ भरून दिला आणि माझ्या हातानं त्यातला अर्धा शेजारच्या पाटलाच्या धोतरावर वाटला. तो पाटील उठून भांडायला लागला. शालिग्राम मधे पडला आणि त्यानं गिताबाईचा चहा बशीत ओतून, बशी दोन्ही हातांनी तिच्या ओठांशी धरून दाखवलं. पाटील धोतर झटकत परत बसला. मला मात्र बरं वाटलं नाही. उद्या माझ्याही ओठांशी कुणी बशी धरणार, हे त्यात दिसत होतं.

राजूर घाटात गाडी कण्हत चढते. दोन्ही अंगांना साग, मधूनमधून सीताफळीची झुडपं, खाली मागे राहिलेला आमचा काळा मुलूख. वर आलं की वारा एकदम थंड होतो. बुलढाण्याची माणसं या हवेचा तोरा मिरवतात. हवा फुकट आहे, ती त्यांनी केलेली नाही.

बुलढाणा

मुक्काम धर्मशाळेत. जेवायला खानावळीत गेलो. वरण पातळ, पोळ्या पातळ, आणि भाकर मागितली तर वाढप्यानं असं पाहिलं की मी कडबा मागितला. आमच्याकडे पाहुण्याला आधी तिखट देतात आणि मग विचारतात कसं काय. इथे आधी विचारतात, कोणत्या कचेरीत काम आहे.

सकाळी दवाखान्याच्या मागच्या बाजूची एक लांब खोली. बाकांवर माणसं बसलेली आणि प्रत्येकाचं काही ना काही हलत होतं. कुणाचा हात, कुणाची हनुवटी, कुणाचं गुडघ्यावर ठेवलेलं पागोटं. आपल्यासारखं इतकं हलणारं जग एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं. गावात मी एकटा हलत होतो.

डॉक्टर वयानं लहान, चष्मेवाला, बोलणं मऊ. मऊ बोलणाऱ्याचा मला भरवसा नाही. माझं नाव घेताना "पुंजाजी" म्हणाला, मग सरळ विचारलं, "धंदा काय?" सांगितलं. मग त्यानं कोरा कागद पुढे केला आणि म्हणाला, काहीही लिहा.

कोऱ्या कागदावर मी लिहीत नाही. तसं सांगितलं. तो हसला नाही, रागावला नाही. कागदावर त्यानं स्वतः आडवी रेघ मारून अर्धा कागद रद्द केला आणि म्हणाला, "आता लिहा, आज बाजार आहे. सही नको." मी लिहिलं. "आज" मोठं आलं, "आहे" दिसेना. त्यानं कागद मलाच परत दिला. तेव्हा मला वाटलं, हा एक तर फार सरळ असेल, नाही तर माझ्याहून पक्का.

मग त्यानं माझा हात मांडीवर ठेवायला सांगितला. हात लागला नाचायला. तो बघत राहिला. मग आपला हात पुढे करून म्हणाला, धरा. मी धरला आणि थरथर थांबली.

"बघा," तो म्हणाला, "हा आजार बहुतेक वेळा रिकाम्या हाताला हलवतो. हात कामाला लागला की थरथर कमी होते."

मी बाकावरून उठलोच. इतक्या दिवसांनी कुणीतरी शिकलेला माणूस माझी साक्ष देत होता. दुपट्ट्याखाली हात कामात असतो. म्हणजे तिथे तो थरथरत नव्हता. म्हणजे सोनाजी खोटं बोलला आणि मी ते पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मी सगळी हकीकत डॉक्टरला मोठ्यानं सांगितली. मोठ्यानं म्हणजे माझ्या मते. तो दोनदा म्हणाला, जरा जोरात बोला, ऐकू येत नाही.

त्यानं विचारलं, ते बोटांचं कसं करतात? मी म्हणालो, तुम्हाला वाचता यायचं नाही. शालिग्राम बाकावरून म्हणाला, "मले येते. जल्मभर बैल इकले." डॉक्टर म्हणाला, किती सांगणार ते आधी माझ्या कानात सांगा. मी कानात चार सांगितले. दुपट्टा टाकला, शालिग्रामचा हात घेतला, आणि चार बोटं धरली.

"तीन," शालिग्राम म्हणाला.

मी म्हणालो, नीट पाहा. परत धरली.

"तीनच हायेत भाऊ. चौथं बाहीर राह्यते."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुम्ही दोघं मिळालेले आहात. मोटारीत हा मला मुद्दाम भेटला, काठी आडवी धरली, विश्वास बसवला, आणि आता इथे येऊन खोटं सांगतो. सोनाजीनं पाठवला असेल. आणखीही बरंच बोललो, ते मुलगी लिहायला तयार नाही. शालिग्रामनं हात काढून घेतला नाही, तो माझ्या मुठीत तसाच. गिताबाईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. तिचा आवाज कापडातून आल्यासारखा.

"दुपट्टा काढून पाहा ना."

डॉक्टरनं दुपट्टा उचलला.

माझी मूठ घट्ट मिटलेली होती. आत तीन बोटं. शालिग्रामची करंगळी बाहेर, माझ्या अंगठ्याला लागून, मोकळी. आणि मला, एवढं डोळ्यांनी बघत असतानासुद्धा, हाताला चारच लागत होती.

"तुमचं अक्षर लहान होतं ना," डॉक्टर म्हणाला, "तशीच मूठही लहान होते. तुम्हाला वाटतं हात पुरता उघडला. तो उघडलेला नसतो. यात थरथरीचा दोष नाही."

मी बाहेर जाऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसलो. मोठ्या तयारीनं सोनाजीविरुद्ध साक्षीदार मिळवला होता आणि त्यानं साक्ष सोनाजीच्याच बाजूनं दिली होती.

आत गेलो तेव्हा डॉक्टर शालिग्रामला विचारत होता की बाईंना गावचा वैद्य काय देत होता. मला लगेच डावाचा वास आला. मी शालिग्रामचा पाय दाबला. वैद्याची विद्या अशी फुकट सांगायची नसते, नागपूरला जाऊन हा तिच्यावर आपलं नाव लावेल. शालिग्रामनं पाय काढून घेतला आणि सांगून टाकलं, खाजकुहिरीच्या बियांची पूड, दुधात. डॉक्टर म्हणाला, त्या बियांत गोळीतलाच पदार्थ असतो असं म्हणतात, पण प्रत्येक बीत किती ते कळत नाही, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नका. वैद्यांना माझ्याकडे आणा, मीच त्यांच्याकडे आलो असतो पण माझ्या हातात एकच दिवस असतो.

तेवढ्यावर मी त्याला धरला. म्हणालो, सरळ बोला. गोळ्या फुकट, तपासणी फुकट. तुम्हाला यात काय सुटतं?

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "या बाजूला असे रोगी किती, गोळी त्यांना किती मानवते, कुठे त्रास होतो, हे मला लिहून द्यायचं आहे. ते दिलं तर इथे कायमची सोय मागता येईल. नाही तर म्हणतील, खेड्यातले लोक दोनदा येतात आणि बंद होतात, नागपूरलाच येऊ द्या."

"म्हणजे आम्ही तुमचं प्रदर्शन."

"म्हणजे तुम्ही आला नाहीत तर मी पण येणार नाही. पाठवणार नाहीत मला."

हे मला समजलं. यात त्याचा फायदा दिसला आणि फायदा दिसला की मला माणूस निम्मा तरी कळतो. मी म्हणालो, मग तुम्ही चुकीच्या जागी दुकान टाकलंय. पाय न उचलणारी माणसं घाट चढून कशी येतील? सातपुड्याच्या अंगची सगळी माणसं नांदुऱ्याला उतरतात, तिथे रेल्वे आहे. तुम्ही खाली या. तो म्हणाला, वरून परवानगी लागेल. मी म्हणालो, ती तुम्ही आणा, जागा मी बघतो. तो म्हणाला, जागा बघून काय, त्या बाजूचे रोगी कुठे आहेत? माझ्याकडे येणारे दोघंच, बाई आणि आता तुम्ही. आणखी दाखवा, मी मागणी करतो. बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं की पुढच्या खेपेपर्यंत मी खालचे रोगी उभे करायचे आणि स्वतः गोळी नियमानं घ्यायची. गोळीनं मळमळेल, हेही त्यानं आधीच सांगितलं. मालाची खोड आधी सांगणारा विकणारा मी बाजारात फार थोडा पाहिला आहे. तरी गोळ्या घेताना मी पुड्या दोनदा उघडून पाहिल्या.

निघताना त्यानं विचारलं, गोळीचा गुण येतो का हे रोज बघणारं घरी कोण आहे? मी म्हणालो, बायको. मनात म्हणालो, बायको मला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल, मुलगी तर आधीच म्हणेल. मला माझा माल माझ्या तराजूवर तोलायचा होता. आणि माझ्या मुठीचा तराजू जिल्ह्यात एकच होता. तो कडुनिंबाखाली माझ्याकडे पाठ करून बसत असे.

परत नांदुरा

घाट उतरताना शालिग्राम माझ्याशी पहिल्यासारखाच बोलत होता. मी इतकं बोललो होतो त्याला, तर त्याचं काही नाही. मला वाटलं, हा मनात ठेवून आहे. अजूनही वाटतं. पण मोताळ्याला गिताबाईची बशी मी धरली आणि चहा थोडाच सांडला. त्याच्या गावाकडचे दोन रोगी तो पाठवतो म्हणाला. येतील तेव्हा खरे.

गोळीनं पोटात ढवळतं हे खरं निघालं. बायको म्हणाली सोडा. मी सोडली नाही, कारण सोडली तर दोनदा येऊन बंद होणाऱ्या खेडुतांत माझी गणती होणार. काही दिवसांनी खालची गुंडी मी स्वतः लावली. बायकोनं शेजारणीला बोलावून दाखवली. अशा साक्षी मला नको होत्या.

बाजाराच्या दिवशी मी कडुनिंबाच्या पलीकडच्या बाजूला गेलो. सोनाजीनं वर पाहिलं आणि पुन्हा तंबाखू मळायला लागला. भोवतीचे दलाल दोन पावलं मागे सरले. त्यांना वाटलं, आज काठ्या निघणार.

मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरचं, कागदाचं, शालिग्रामच्या करंगळीचं. माफी वगैरे मी मागितली नाही. त्यानं त्या दिवशी मूठ तोकडी आहे हे मलाच दुपट्टा काढून दाखवायला हवं होतं, बाजाराला सांगत सुटायला नको होतं, हे माझं अजूनही म्हणणं आहे. तेही सांगितलं.

सोनाजीनं तंबाखू तोंडात टाकली. "मंग आता काऊन आला? काय इकून राह्यला मले?"

"काही नाही. हात पाहायचा आहे. गोळी चालते का ते समजलं पायजे."

"अन् मी खोटं सांगतलं तं?"

"तू सांगशील ते लिहून डॉक्टरला देणार. खोटं असलं तर त्याची गोळी फुकट जाईल आणि माझा हातही."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. आम्ही दोघंही बैल बघताना असंच बघतो. मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि हात पुढे केला. मी धरला. चार बोटं, सगळा जीव लावून. बाजार बघत होता आणि त्याच्या एका शब्दावर माझा धंदा परत यायचा होता. चार म्हणाला असता तर दुसऱ्या दिवसापासून लोकांनी माझ्या हातात हात दिले असते. त्यालाही ते ठाऊक होतं.

"तीन," सोनाजी म्हणाला. "चौथं येऊन राह्यलं, पन टेकते नुस्तं. धरत नाही."

मी हात काढला नाही. म्हणालो, चार आहेत.

"तीन म्हनलं ना बे. चार पायजे असन तं दुसऱ्या कोनाचा हात धर." मग दुपट्टा झटकत म्हणाला, "गोळी केव्हा खाल्ली?"

"सकाळी. दुपारपर्यंत तिचा जोर उतरतो."

"मंग आता कायले आला? उपाशी बैल कोनी जुतून पाह्यते काय? पुढच्या बाजारी गोळी खाऊन ये, मंग पाहू."

मी वळलो. तीन-चार पावलं गेलो असेन, पाय अडला. सोनाजी उठून मागे आला. लोकांकडे पाठ करून, दलाल भाव सांगतात तशा दबक्या आवाजात त्यानं विचारलं, तो डॉक्टर खरंच खाली येणार आहे का. मी म्हणालो, रोगी उभे केले तर.

"माह्या मायचं नाव लिही," तो म्हणाला. "कधीची चमचा धरत नाही. मोटारीत चढत नाही म्हनून कोनाले दाखोली नाही."